मावशींचा टार्निट मुक्काम

रिकामं बसणं ही गोष्ट माझ्या नवऱ्याच्या मावशींना सात जन्मांत जमायची नाही. सांगलीहून त्या आमच्याकडे मेलबर्नला आल्या त्या सुट्टीसाठी. समुद्र बघायचा, कांगारू बघायचे, सिडनीला जाऊन यायचं आणि पाडव्याच्या आत घर गाठायचं, असा बेत होता. मावशींच्या यजमानांना, म्हणजे काकांना, बरोबर चला म्हटलं, तर "मला विमानात झोप येत नाही" म्हणून ते मागेच राहिले. मग कोरोना आला, विमानं बंद झाली, आणि मावशींच्या वाट्याला ऑस्ट्रेलिया म्हणून आली ती टार्निट उपनगरातली आमची गल्ली, मागचं अंगण आणि रंगीत झाकणांचे कचऱ्याचे डबे. दुसरं कुणी असतं तर हातपाय गाळून बसलं असतं. मावशींनी ते डबे वहीत चितारायला घेतले.

चितारणं तर त्यांचं रोजचंच. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली बाई. वही संपली की पिझ्झाचं खोकं, विजेचं बिल, काहीही चालायचं. एकदा माझी ऑफिसची व्हिडिओ मीटिंग चालू असताना खांद्यावरून एक कागद पुढे आला. त्यावर आमचा मॅनेजर, मिशीसकट. "नाक जरा लांब झालंय, पण माणूस तोच आहे की नाही सांग," मावशींनी खणखणीत आवाजात विचारलं. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला. मॅनेजर मात्र भलताच खूश. "मेट, दॅट्स मी!" म्हणाला आणि चित्राचा फोटो मागून घेतला. तेव्हापासून आज मीटिंग किती वाजता, हे मावशी मला सकाळीच विचारून ठेवायच्या.

चित्रातून हात सुटला की शिवण. मास्क मिळेनात म्हणून त्यांनी माझी एक पैठणी कापली. होय, पैठणी! मी किंचाळले तर म्हणतात, "अगं, विरलीच होती. आणि नाहीतरी तू कुठे नेसतेस?" आता यावर काय बोलणार, कप्पाळ? जरीकाठाचा मास्क लावून सुपरमार्केटात कांदे निवडणारी अख्ख्या व्हिक्टोरिया राज्यात मी एकटीच असेन.

आणि त्यातच चैत्र लागला. चैत्र म्हणजे वाळवणं, हे मावशींच्या रक्तात. सुट्टीला येणारी माणसं पोहायचे कपडे आणतात, या बाईंनी सोऱ्या आणला होता. गहू भिजले, चीक निघाला, घरभर आंबूस वास सुटला आणि अंगणात चादरीवर कुरडयांची रांग लागली. माझी लेक इरा खिडकीतून म्हणाली, "आजी, इट्स ऑलमोस्ट विंटर." "चैत्रात कसली गं थंडी? पंचांग काय खोटं सांगतं?" मावशींनी तिला उडवून लावलं. मेलबर्नला सांगलीचं पंचांग कुठून माहीत असणार! घटकाभर ऊन, मग बोचरा वारा, मग भुरभूर पाऊस, आणि उरल्यासुरल्या कुरडयांवर मॅगपाय पक्ष्यांची पंगत. वाचलेल्या कुरडया शेवटी कपडे वाळवायच्या स्टँडवर हीटरसमोर वाळल्या आणि आमचे ओले कपडे बाथरूममध्ये लोंबत राहिले. "एवढा आटापिटा कशाला, मावशी?" मी वैतागून विचारलं. "ह्यांच्यासाठी गं. वर्षाच्या कुरडया मीच करते ना."

त्यांची सगळी तगमग तिथेच होती. लग्नापासून ज्या माणसाने स्वतःचा चहासुद्धा करून घेतला नाही, तो एकटा काय खात असेल? तिकीट काढायचं, विमान रद्द व्हायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा रद्द. रोज आरव्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, तिकडच्या जेवणाच्या सुमाराला, व्हिडिओ कॉल लागायचा. "अहो, फोडणी जळतेय! गॅस बारीक करा! तो नव्हे, पलीकडचा!" इकडून ओरडा आणि तिकडून धूर. पुढे ओरडा कमी होत गेला. मग एके दिवशी काकांनी कॅमेऱ्यासमोर मसालेभाताचं पातेलं धरलं आणि ऐटीत म्हणाले, "बघितलंस? तू अजिबात घाई करू नकोस. माझं अगदी व्यवस्थित चाललंय."

मावशींनी "छान" म्हटलं आणि फोन ठेवला. त्या संध्याकाळी त्यांनी पेन्सिल घेतली नाही, सुई घेतली नाही, दाराबाहेरच्या डब्यांकडे बघत नुसत्या बसून राहिल्या. मी घाबरलेच. पुढच्याच आठवड्यात अडकलेल्यांसाठीच्या खास विमानात त्यांच्यासाठी जागा असल्याचा फोन आला. आम्ही आनंदाने सांगायला गेलो, तर म्हणाल्या, "राहू दे. दुसऱ्या कुणाला तरी द्या. माझ्यावाचून कुणाचं अडलंय तिथे?"

जागा पक्की करायला एकच दिवस होता. मी सरळ काकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकून भांडलेच. "काय बोलून बसलात हो तुम्ही? मावशी यायला तयार नाहीत!" काका गडबडले. "अगं, तिचा तिथे जीव रमावा म्हणून म्हणालो मी. माझ्या काळजीने झुरत बसायची नाहीतर. व्यवस्थित कसलं डोंबलाचं! अजून रोज दोघांपुरताच भात शिजतो. एकट्यापुरता टाकायला हातच होत नाही. मग रात्री तोच, सकाळी तोच."

मावशी माझ्यामागे दारात कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, मला कळलंच नाही. "शिळा भात खाताय?" त्या कडाडल्या. "पित्ताचा त्रास आहे तुम्हाला! अक्कल आहे का काही?" बोलता बोलता डोळ्यांना पदर लावला आणि मला म्हणाल्या, "बघत काय बसलीस? त्या विमानवाल्यांना फोन कर."

विमानतळावर आत सोडत नव्हते, सगळा निरोप दाराबाहेरच. मास्क, फेस शील्ड, हातात दोन पिशव्या. मिठीसुद्धा धड मारता आली नाही. वाटलं, काचेच्या दारातून एकदा तरी वळून हात करतील. छे! गॅसवर दूध ठेवून आल्यासारख्या तरातरा निघून गेल्या. मला राग यायला हवा होता, पण मुळीच आला नाही, रडूच आलं. "चल आता," गाडीत बसल्यावर मी नवऱ्याला म्हटलं. त्याला काही गाडी सुरू करवेना.