साबणाच्या पाण्यातले ढालकिडे

ठाण्याहून सकाळी निघालो तेव्हा डोक्यात फक्त वालाच्या शेंगा होत्या. पूर्ण्याची गोदामं मागे पडली, भिवंडीत एसटी बदलली आणि दहाच्या सुमारास अंबाडी नाक्यावर उतरलो. माझी जुनी विद्यार्थिनी सुनंदा स्कूटर घेऊन उभी होती. शाळेत मी तिला जीवशास्त्र शिकवलं. ती आजही माझा शब्द खाली पडू देत नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा गर्व होता.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. भातकापणीनंतर पेरलेल्या वालावर मावा (रोपाचा रस शोषणारी बारीक कीड) पडलाय, त्यात काळ्या काटेरी अळ्याही फिरतायत, काय करू? मी चहा पिता पिता सांगून टाकलं होतं, "अळ्या वेच आणि साबणाच्या पाण्यात टाक."

शेतावर तिच्या सासूबाई बादली घेऊन अळ्या वेचतच होत्या.

"मास्तर, चार दिस झाले, कंबर मोडली," त्या म्हणाल्या. "पन मावा कमी व्हत न्हाय. वाढलाच हाय."

खरंच, शेंडे काळे, चिकट झाले होते. बांधावर फवारणीचा पंप भरून ठेवलेला. जेवण झालं की मारायचा, असं ठरलं होतं. हा वाल गेला तर घरचं वर्षाचं बिरडं आणि बाजारात न्यायचा माल, दोन्ही गेलं असतं.

मीही बाह्या सावरून वेचायला लागलो. एका पानावर पिवळसर कोष चिकटला होता. त्याच्या बुडाशी त्याच काटेरी अळीची कात गोळा झालेली. बघता बघता कोष उकलला आणि आतून पिवळा, मऊ भुंगेरा बाहेर आला. मी पान तोडून जेवायला बसताना समोर ठेवलं. बिरडं आणि तांदळाची भाकरी संपत आली, तोवर त्या पिवळ्या पाठीवर काळे ठिपके उमटायला लागले होते.

ढालकिडा. दरवर्षी फळ्यावर काढायचो तो. मावा खातो, शेतकऱ्याचा मित्र, असं पोरांकडून घोकून घ्यायचो. त्याची अळी मात्र मी जन्मात पाहिली नव्हती.

"सुनंदा, पंप मारू नकोस," मी म्हणालो. "या अळ्याच मावा खातात. मी तुला त्याच मारायला लावल्या."

"नक्की का, सर?" ती शांतपणे म्हणाली. "मागच्या वेळी पण नक्कीच होतं."

तिने बादली बांधावर ओतली. पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवर चढलेल्या सात-आठ अळ्या अजून वळवळत होत्या. सासूबाईंनी त्या पदराच्या टोकाने टिपून रोपांवर सोडल्या. मला दोघींनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

"आज पंप ठेवते," निघताना सुनंदा म्हणाली. "उद्या मी स्वतः बघेन, मग ठरवेन."

घरी येऊन सुनंदाने पिशवीत दिलेल्या शेंगा सुपात ओतल्या. एका देठावर मावा होता आणि त्यावर एक काटेरी अळी. ती एकेक मावा धरून खात सुटली. मी तिच्यासमोर बसून राहिलो, चहा गार झाला.

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला आणि काही न सांगता विचारलं, "काय दिसलं?"

"खातात, सर. सकाळपासून बसलेय बघत. पण आता अळ्या शोधाव्या लागतात."