ॲलेकच्या घरातलं हिरवं डोहाळजेवण

सुलेखाकाकू सरनाईक पहिल्यांदा अमेरिकेला यायला निघाल्या, तेव्हा मुलीने फोनवर गावाचं नाव सांगितलं, कर्नी. काकूंना ऐकू आलं करणी. ‘पोटुशी बाईने असल्या गावात राहू नये,’ असं म्हणून त्यांनी जावयाला, ईशानला, घर बदलायचा हुकूम सोडला. गावाचा खरा उच्चार कार्नी आहे, हे न्यू जर्सीत उतरल्यावर कळलं आणि त्या स्वतःलाच खूप हसल्या. मला त्या तेव्हापासून आवडल्या. स्वतःला हसणारी माणसं आमच्या मराठी मंडळात औषधालाही सापडत नाहीत.

मी सीमा, त्यांच्या मृणालिनीची मैत्रीण. राहायला एडिसनला, म्हणजे साडी, नारळ, कढीपत्ता, जे लागेल ते तिथल्या ओक ट्री रोडच्या देशी दुकानांतून आणून पोचवण्याचं काम माझ्याकडे. २००५ साल होतं. मृणालिनीला सातवा लागत होता आणि काकू सहा महिन्यांच्या व्हिसावर बाळंतपणाला आल्या होत्या.

मृणालिनीचं भाड्याचं घर वरच्या मजल्यावर होतं. खाली मालक, ॲलेक, ग्लासगोहून तरुणपणी आलेला प्लंबर, आता निवृत्त आणि विधुर. माणूस मोजकं बोलणारा. पण शनिवारी सकाळी त्याच्याकडे डिशवर स्कॉटलंडचा फुटबॉल लागायचा, आणि तो आवाज जिन्यातून वर आला की काकूंचं पोह्यांवरचं लक्ष उडायचं. त्या कोल्हापूरच्या. तिथे फुटबॉल म्हणजे पेठेची अब्रू. काकूंचं माहेर एका पेठेत, सासर दुसऱ्या, आणि दोन्हीकडच्या तालमींचे संघ एकमेकांचे हाडवैरी. मॅचच्या दिवशी नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसत, आणि ज्याचा संघ हरेल त्याने संध्याकाळी भाजी निवडायची. काका वारल्यावर काकूंनी स्टेडियमवर जाणं सोडलं होतं. पण कार्नीत आल्यावर दुसऱ्याच शनिवारी त्या स्वेटर-मोज्यांत, हातात पोह्यांची बशी घेऊन, ॲलेकच्या दारात उभ्या राहिल्या. इंग्रजी येत नव्हतं, पण ‘ऑफसाइड’ येत होतं. तेवढ्यावर दोस्ती जमली. त्या त्याला ‘ॲलेकभाऊ’ म्हणत, तो त्यांना ‘मिसेस एस’.

ॲलेक निळ्यांचा. ग्लासगोत दोन संघ, निळा आणि हिरवा, आणि त्यांच्यामागे अर्धं-अर्धं शहर. निळे प्रोटेस्टंट, हिरवे कॅथलिक. तिथून आलेल्यांनी हे भांडण ट्रंकेत घालून इथे आणलं, दारू प्यायच्या जागासुद्धा वेगळ्या ठेवल्या. ॲलेकच्या घरात पडदा, कप, टॉवेल, कशालाच हिरवा रंग नव्हता. अंगणातल्या गवताला मात्र त्याचा नाइलाज होता. काकूंना हे सगळं ईशानने समजावलं. ‘म्हणजे पेठच की!’ काकू म्हणाल्या. चूक झाली ती इथे.

मृणालिनीच्या डॉक्टरकडे काउंटरवर एक तांबूस केसांची मुलगी बसायची. तीही पोटुशी. काकू मृणालिनीबरोबर गेल्या, तेव्हा पत्ता वाचून म्हणाली, ‘तुमची वरची खोली माझी होती.’ ती ॲलेकची एकुलती एक मुलगी. तिने हिरव्यांच्या घरातल्या मुलाशी कॅथलिक चर्चमध्ये लग्न केलं, त्या दिवसापासून, म्हणजे दोन वर्षं, बाप तिच्याशी बोलला नव्हता. रस्त्यात दिसली तर पलीकडच्या फुटपाथवर जायचा. नाव काय, तर शोना. काकूंना भरूनच आलं. बाळाला लाडाने म्हणावं तसलं नाव ठेवायचं आणि वर अबोला धरायचा?

‘बाळ यायच्या आधी त्यांनी एकदा माझ्याकडे बघावं, बस,’ शोना म्हणाली. मृणालिनीने ते मराठीत सांगितलं. काकूंनी तिथेच, काउंटरवर, तिला डोहाळजेवणाचं आमंत्रण दिलं. दोन गरोदर बायकांचं एकत्र करू, ॲलेकभाऊ माझ्या हातच्याला नाही म्हणत नाहीत, ते वर येतील, आपसूक होईल सगळं. मला फोन आला, ‘सीमा, साड्या दोन आण गं. हिरव्या.’

मीही आणल्या. माझ्याही डोक्यात आलं नाही.

रविवारी दुपारी मंडळातल्या बायका जमल्या. शोना आली, आतल्या खोलीत गेली, आणि पलंगावर पसरलेली हिरवी साडी, हिरवा चुडा, हिरवा खण बघून खालीच बसली. ‘ओ नो,’ ती म्हणाली, ‘डॅड इज गोइंग टु डाय.’ मग हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. काकू खांबासारख्या उभ्या राहिल्या. मी म्हटलं, ‘काकू, पिवळी नेसवू या. मृणालिनीचीच आहे, पटकन काढते.’

‘डोहाळजेवणाला पिवळी?’ काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी कपाटाकडे निघालेली परत फिरले. शोनाने डोळे पुसले आणि स्वतःच साडी उचलली. ‘पुट इट ऑन मी,’ म्हणाली.

ॲलेक आला तो कोट घालून, निळा टाय लावून, हातात फुलं. दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या, नखशिखान्त हिरव्या. त्याने आधी मृणालिनीकडे बघितलं, मग शोनाकडे. फुलं टीपॉयवर ठेवली आणि वळून जिना उतरायला लागला. शोनाने मान खाली घातली. मला त्या क्षणी त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला की फुलं उचलून त्याच्या पाठीवर मारावीशी वाटली.

काकू त्याच्यामागे धावल्या, आणि दुभाषी म्हणून मी. अर्ध्या जिन्यात त्याला गाठलं.

‘यू ट्रिक्ड मी, मिसेस एस.’

‘नाही हो, ॲलेकभाऊ! सीमा, सांग त्यांना. हिरवं म्हणजे पीक, हिरवं म्हणजे भरलेली ओटी. फुटबॉल नाही.’

मी सांगितलं. तो म्हणाला, रंगाचं सोड. त्याच्या बापाने आणि आज्याने एक चर्च सोडून दुसऱ्यात पाऊल टाकलं नाही, आणि आता त्याचा नातू हिरव्यांच्या चर्चमध्ये जाणार. बापजाद्यांचं मोडायचा ॲलेकला काय अधिकार? हे ऐकल्यावर काकूंना कळलं की हे पेठेचं भांडण नाही, भाजी निवडून मिटणारं नाही. त्यांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात वरून वसुधाताईंचा आवाज आला. त्या आमच्या मंडळाच्या सगळ्या रीतीभाती राखणाऱ्या. ‘ओटी कोण भरतंय पहिली? खरं तर आईचा मान, पण... काकू, तुम्ही जरा स्वयंपाकघरातलं बघा हं.’

‘हो हो, आलेच,’ काकू म्हणाल्या, इतक्या सहज की कळावं, त्या सकाळपासूनच ते धरून चालल्या होत्या.

‘काय म्हणतायत?’ ॲलेकने विचारलं. मी सांगितलं. मुलीची ओटी आईने भरायची असते, पण काकूंचा नवरा नाही, म्हणून त्यांना चालत नाही.

‘स्वतःच्या मुलीची?’

‘हो.’

‘कोण म्हणतं?’

‘पहिल्यापासून असंच आहे.’

म्हातारा लाल झाला. असला मूर्खपणा त्याने आयुष्यात ऐकला नव्हता, म्हणाला. पोर वर बसलीय, आई जिन्यात उभीय, आणि कुणा मेलेल्या माणसांच्या नियमासाठी... आणि मध्येच थांबला. मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. ‘मेलेल्या माणसांच्या’ हेसुद्धा.

काकू एक पायरी वर चढल्या. मग त्यांनी माझी मदत न घेता इंग्रजीत विचारलं, ‘आय गो?’

‘ऑफ कोर्स यू गो!’

‘देन यू कम.’

आणि मागे वळून न बघता त्या वर गेल्या. वसुधाताई काही बोलणार होत्या, पण काकूंनी तांदळाचं ताट त्यांच्या हातातून घेतलंसुद्धा. मृणालिनीने आईकडे बघून पदर पसरला. अर्धे तांदूळ सतरंजीवर सांडले, आणि मायलेकी दोघी रडायला लागल्या. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

शोनाने मृणालिनीचं बघून आपलाही पदर पसरला होता. भरायला कोणी पुढे आलं नव्हतं. ॲलेक दारातून आत आला. काकूंनी ताट त्याच्यापुढे धरलं. पुरुषाने ओटी भरायची नसते, हे वसुधाताईंनाही त्या वेळी सांगवेना. त्याने प्लंबरच्या त्या जाड्या हातांनी ओंजळ भरली, पोरीसमोर वाकला, आणि तांदूळ हळूहळू तिच्या पदरात सोडले.

‘हा रंग तुला अजिबात शोभत नाही,’ तो तिला म्हणाला.

दोन वर्षांत मुलीशी बोललेलं त्याचं ते पहिलं वाक्य.