लंडनचे मुक्काम

तेलगावच्या धोंडीराम गाडीवानाला कुठलंही अंतर विचारा, तो कोसात कधी सांगायचा नाही. वाटेत मुक्कामाला बैल किती वेळा सोडावे लागतील, तेवढं सांगायचा.

१९३० साली कापडवाल्या नीलम्माचा मुलगा कराचीहून विमानाने लंडनला शिकायला निघाला. शाळेच्या मास्तरांनी तिच्या दुकानात पाटीवर गणित मांडलं. पाच हजार मैल, ताशी शंभर, म्हणजे पन्नास तास! पोचल्याची तार आल्याशिवाय जेवायचं नाही, असं नीलम्माने ठरवलं. तीन दिवस गेले, तार नाही. चौथ्या दिवशी तिला उभं राहवेना, आणि मास्तरांना पाटीकडे बघवेना.

गाठोडी उतरवायला आलेल्या धोंडीरामने पाटीचा अर्थ विचारून घेतला आणि तो हसला.

"मास्तर, ह्यात बैल कुठं सोडलेत?"

"विमानाला बैल असतात का बे?"

"नसतील. पण हाकणारा माणूसच हाय ना? त्याला झोप लागती, विमानाला तेलपाणी लागतंय. दिवसाला आठच तास धरा." मग तो नीलम्माकडे वळला. "आक्का, पोरगं सहा मुक्काम करून सातव्या दिवशी पोचतंय. ते वाटंत दोन टाइम जेवत आसंल, तुमी कावून उपाशी?"

नीलम्मा उठली आणि चार दिवसांनी तिने भाकरी खाल्ली.

आठव्या दिवशी तार आली: काल सुखरूप पोचलो. मास्तर ती गावभर वाचत सुटले. नीलम्माने मात्र धोंडीरामला गाठलं.

"परत यायला किती मुक्काम रे?"

"पाचच, आक्का. घराकडं तोंड केलं की बैल बी लई झपाझपा चालतात."