काडीचं माहेर

"काडीले बी माहेर असते," असं गंगीबाई नेहमी म्हणायची आणि आम्ही तांड्यावरच्या बाया हसायचो.

तिच्या दारापुढं, नाल्याच्या काठावर, बेशरमचं एक मोठं झुडूप होतं. फिक्या जांभळ्या फुलांचं. लग्न करून तिला इथं पोचवताना बापानं बैल हाकायला घरच्या कुंपणाची ओली काडी तोडून घेतली होती. उतरल्यावर ती चिखलात खोचली आणि तो परत गेला. पुढं धरण झालं, तिचं माहेर पाण्याखाली गेलं, मायबापही गेले. काडीचं मात्र झुडूप झालं.

पण बेशरम काय, बाभुळगावच्या वाटेवर कुठंही फोफावतं. दीर धरमसिंग चिडवायचा, "भाभी, तुमचं माहेर नाल्याच्या पुरात वाहून आलं." त्याचंही चुकत नव्हतं. त्या वर्षांत कापसानं आधीच सगळ्यांना रडवलं होतं. त्यात बेशरमनं नाला तुंबायचा आणि पाणी त्याच्या पऱ्हाटीत, कापसाच्या उभ्या पिकात, साचून राहायचं. शेताजवळचा बाकीचा काठ त्यानं साफ केला. या झुडपापाशी आला, की गंगीबाई आडवी उभी राहायची.

अशात यवतमाळच्या कॉलेजातली प्राची आली. परमुलखातलं हे झाड इकडं पसरलं, ते सगळं एकाच वंशाचं की अनेक, हे तिला शोधायचं होतं. ती जागोजागची पानं पुड्यांत भरत होती. गंगीबाईनं तिला दारचं पान दिलं, आणि धरणाच्या काठचंही न्यायला सांगितलं. तिथं टेकाडावर तिच्या माहेरच्या जुन्या कुंपणाचा एक तुकडा अजून पाण्याबाहेर होता.

वेचणी संपत आली, वाऱ्यावर कापसाचे पुंजके तरंगू लागले, तेव्हा प्राची परतली. दिसायला सारखी असली तरी पानांच्या तपासणीत नाल्यातली झुडपं आतून वेगवेगळी निघाली होती. कुठून कुठून बी आलं, पुरानं मिसळलं.

"आन माह्यं?" गंगीबाईनं विचारलं.

"तुमचं नाल्यातल्या कोणाशीच जुळत नाही, मावशी. धरणाकाठच्या कुंपणाशी जुळतं. नुसतं नात्यातलं नाही, ते एकच झाड आहे. इथंही तेच, तिथंही तेच."

गंगीबाई बराच वेळ झुडपाकडं पाहत राहिली. फुलं हलत होती. तिला त्यांच्यापलीकडं माहेरचं अंगण दिसत असावं.

मग तिनं धरमसिंगकडं कुऱ्हाड मागितली.

"राहू द्या भाभी," तो हळूच म्हणाला. "एवढं एक राहू द्या."

"काहून? तिकडं उभं हाय ना थे."

तिनं स्वतः तोडलं. मुळं धरमसिंगनं खणली. तुंबलेलं पाणी आधी अडखळलं, मग वाहू लागलं.

पडलेल्या फांद्यांतून तिनं एक ओली काडी उचलली आणि धरणाच्या वाटेला लागली. पुढं बैल नव्हते. तरी ती जिभेनं टक् टक् करत, काडी हलवत चालली होती. धरमसिंग, प्राची आणि मी नाल्यात उभे राहून पाहत होतो. उन्हात आधी ती अंधूक झाली, मग काडी.