गाडी इथून गेली

आमच्याकडे घराबाहेर पडणाऱ्या माणसाला ‘कुठे चालला’ असं विचारत नाहीत. विचारायचंच झालं तर ‘लांब निघाला का?’ एवढंच. माझी सासू या बाबतीत फार कडक. लग्न होऊन आले तेव्हाची गोष्ट. नवरा चपला घालत होता आणि मी सहज विचारलं, ‘कुठी चालले?’ सासूनं त्याला उंबऱ्यावरून परत बोलावलं, पाटावर बसवलं, पाणी पाजलं आणि मगच जाऊ दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जानाऱ्याले असं टोकायचं नसते, पोरी. रस्त्याले कान राह्यतेत." मी शिकलेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. मला हसू आवरेना.

पुढे त्याच ‘कुठी’नं माझी झोप उडवली.

माझा नवरा चंद्रपुरातल्या एका औषधांच्या ठोक व्यापाऱ्याकडे टेम्पो चालवायचा आणि मी तिथेच कॉम्प्युटरवर बिलं करायची. मोठं गोदाम चंद्रपुरात, एक शाखा गडचिरोलीत, आणि दक्षिणेकडे जंगलात आलापल्लीला लहानसा डेपो. तिथून पुढे जिमलगट्टा, सिरोंचा, एटापल्ली अशा गावांच्या मेडिकल दुकानांना औषधांचे खोके जायचे. ती दक्षिणेची फेरी माझ्या नवऱ्याची. चंद्रपुरात मोबाईल दिसू लागले होते, पण आलापल्लीच्या पुढे एसटीडी बूथ हाच आधार, आणि तोही लागला तर लागला.

सगळा कारभार फोनवर आणि चिठ्ठ्यांवर चालायचा, म्हणजे भांडणांवर चालायचा. गडचिरोलीवाले म्हणायचे सलाईन संपलं, आम्ही म्हणायचो पाठवलं, आणि ते पडलेलं असायचं आलापल्लीत. शेठ वैतागला होता. नागपुरात एका ओळखीच्या माणसाच्या ऑफिसात त्यानं एक नवं सॉफ्टवेअर पाहिलं. तिन्ही ठिकाणच्या लोकांनी एकाच पानावर लिहायचं, एकमेकांचं वाचायचं, काम वाटून घ्यायचं. नाव लांबलचक इंग्रजी होतं, आम्ही त्याला नुसतं ‘बोर्ड’ म्हणायचो. नागपूरचा एक इंजिनियर आला, त्यानं टेलिफोनच्या तारेवरून तिन्ही कॉम्प्युटर जोडून दिले, सगळ्यांना शिकवलं, आणि जाताना मला म्हणाला, "ताई, आता हे तुमचं." लेकरू त्याचं आणि पोसायचं मी, असा तो न्याय होता.

बोर्डावर माल दिसायचा, कोणत्या दुकानाला काय हवं ते दिसायचं, निरोप लिहिता यायचे. आणि गाड्यांसाठी एक वेगळं पान होतं. त्यात पहिलाच रकाना होता, ‘कुठे जाणार’. त्याच्या शेजारी ‘कोणत्या रस्त्याने’ आणि ‘केव्हा परत’. शेठचा जीव त्या पानावर जडला. म्हणायचा, "माही गाडी कुठी हाय, हे मले खुर्चीत बसल्या बसल्या दिसलं पाह्यजे."

तो रकाना पाहून मला आधी सासू आठवली. मग नवऱ्याचा रस्ता आठवला.

त्या काळात आलापल्लीच्या पुढच्या रस्त्यावर कोणी, कोणालाही, आधी सांगून जात नसे. जंगलातले बंदूकवाले लोक गाडी थांबवून विचारायचे, काय नेऊन राह्यला, कोणासाठी. पुढे कॅम्पवर तेच प्रश्न पोलीस विचारायचे, आणि वर हेही, की मागे कोण भेटलं. तांदळाच्या पोत्याचं एवढं काही नसे. औषधाचं मात्र फार असे. मलेरियाच्या गोळ्या, सलाईन, जखमेची पट्टी कोणाच्या हाती जाते याचा हिशोब दोन्हीकडचे ठेवायचे, आणि मधे सापडायचा तो स्टिअरिंगवर बसलेला माणूस. म्हणून ड्रायव्हर लोक डेपोतून निघताना ‘येतो’ म्हणायचे आणि निघायचे. कोणत्या रस्त्यानं, हे नाक्यावर पोहोचल्यावर ठरायचं. एवढीच त्यांची ढाल होती.

आणि मी ती ढाल काढून बोर्डावर टांगणार होते. गडचिरोलीच्या शाखेत कॉम्प्युटर काउंटरवर ठेवलेला होता, तोंड गिऱ्हाइकाकडे. डोकेदुखीची गोळी घ्यायला आलेल्या कोणालाही वाचता येईल, की उद्या सकाळी कोणती गाडी काय घेऊन कुठल्या रस्त्यानं जाणार.

शेठला मी हे सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "अवो बाई, कोन वाचते? लोकायले आपलंच वाचाले फुरसत नाई." मी टाइप केलं. माझ्याच नवऱ्याची गाडी, माझ्याच हातानं. 

घरी नवऱ्यानं ताट बाजूला सारलं.

"तू माहा रस्ता भिंतीवर लिहून राह्यली काय?"

"शेठनं सांगितलं. म्या काय करू?"

"मंग शेठले म्हन, तूच बस टेम्पोत."

असा माणूस तो नव्हे. आवाज चढवणं त्याला जमतच नसे. त्या दिवशी चढला, तेव्हा मला कळलं की तो घाबरलेला आहे. नवरा घाबरलेला पाहण्याची मला सवय नव्हती. मी अधिकच घाबरले.

ड्रायव्हरांनी यावर आपला तोडगा काढला. सगळे ‘कुठे जाणार’मध्ये ‘आष्टी’ लिहायला सांगू लागले. आष्टी म्हणजे आमच्या रस्त्यावरचं, आलापल्लीच्या बरंच अलीकडचं गाव, त्यात कोणाचंच काही जात नव्हतं. बोर्डावर रोज सगळ्या गाड्या आष्टीला. आमच्या औषधांवर एकटी आष्टी तर किती निरोगी झाली असेल! पण शेठ खूश होता, कारण रकाने भरलेले होते. मीही खूश होते. खोटं असलं तरी ते खोटं माझ्या नवऱ्याच्या अंगावर पांघरूण होतं.

भादव्यात मात्र ते पांघरूण तोंडावर आलं. तिकडे दोन दिवस झड लागलेली. नवरा सकाळी आलापल्लीहून निघाला, संध्याकाळी परत डेपोत यायचा होता, आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. बोर्डावर काय, तर आष्टी. आलापल्लीच्या डेपोवर एक वयस्कर भाऊ होते, बोलताना मधेच तेलुगूत शिरणारे. ते फोनवर म्हणाले, "बाई, सिरोंच्याकडं गेला का एटापल्लीकडं, मले मालूम नाई. म्या इचारलं नाई. आपन इचारत नसतो ना." त्यांचा आवाज रडवेला होता. शोधायला माणूस पाठवायचा तर कोणत्या रस्त्यावर? कोणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांचं सगळं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसमोर मी बसले होते, आणि मला माझा नवरा कुठे आहे ते दिसत नव्हतं.  घरी सासू देवासमोरून उठत नव्हती.

दुपारी तो आला. दोन नाल्यांच्या मधे अडकला होता, पुढचाही भरलेला, मागचाही. एका शाळेच्या पडवीत गाववाल्यांनी आंबील आणि भात खाऊ घातला होता. खोके कोरडे होते, हे त्यानं आधी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी शेठसमोर उभी राहिले. मला राग आला की मी घाबरायची विसरते, हा माझा जुना स्वभाव. म्हटलं, "शेठ, जानाऱ्याले कुठी म्हनून इचारत नाई. तुमच्या घरी तरी इचारते काय?"

शेठ थबकला. "नाई," म्हणाला. "माही माय मारन."

"मंग बोर्डावर काऊन इचारता?"

मी त्याच्यासमोरच नागपूरच्या इंजिनियरला फोन लावला. ‘कुठे जाणार’ काढून टाका. ‘कोणत्या रस्त्याने’ काढा, ‘केव्हा परत’ काढा. एकच रकाना ठेवा, ‘इथून गेली’. पुढचं कोणी सांगायचं नाही, कोणी विचारायचं नाही. गाडी एखाद्या गावातून निघून गेली, की तिथल्या मेडिकलवाल्यानं बूथवरून डेपोला फोन करायचा, आणि डेपोनं लिहायचं. जे होऊन गेलं ते कोणाला कळलं तरी गाडी तिथून पुढे गेलेली असते. गडचिरोलीचा कॉम्प्युटर भिंतीकडे वळवा, आणि खोक्यात काय आहे ते गाड्यांच्या पानावर दिसायला नको. इंजिनियर म्हणाला, "ताई, प्लॅनिंगच नसेल तर मग उपयोग काय?" मी म्हटलं, "उपयोग माझा मी बघते."

आणि बोर्ड चालू लागला. खरंच चालू लागला. ज्यांनी आधी नुसतं ‘आष्टी’ लिहायला सांगितलं होतं ते ड्रायव्हर आता गावागावातून विचारायला लागले, "माही लिहिली का?" गाडीचं खरं लिहिलं जाऊ लागलं, तसं मालाचंही खरं लिहिलं जाऊ लागलं, मागण्या वेळेवर येऊ लागल्या, सलाईनची भांडणं थांबली. डेपोचे भाऊ तर एका बोटानं टाइप करत करत निरोपात शेतातल्या धानाची हकीकतही लिहू लागले. दिवाळीला शेठनं पेढे वाटले. नागपूरचा इंजिनियर दुसऱ्या व्यापाऱ्यांना आमच्याकडे आणून दाखवायचा, की बघा, जंगलात कसं चाललं आहे, आणि मला पुढे करायचा. मी हसून दाखवायची.

कोणाला न सांगितलेली गोष्ट ही, की माझं वाटोळं झालं होतं. आधी नवरा ‘येतो’ म्हणून गेला की मी त्याला देवावर सोपवायची आणि बिलं करायची. भीती असायची, पण एकच, आणि तो परत आला की संपायची. आता तिला गावं फुटली. आलापल्ली इथून गेली, की जिमलगट्टा येईपर्यंत माझं चित्त थाऱ्यावर नसे. जिमलगट्टा आलं, की सिरोंचा. परतीला पुन्हा तेच, उलटं. मधल्या जंगलाचा प्रत्येक तुकडा मी चंद्रपुरात पंख्याखाली बसून ओलांडायची. जेवणाच्या सुट्टीतही डबा कॉम्प्युटरसमोर. ऑफिसात चिडवायचे, बाई टेम्पोतच बसून राह्यली. मी बोर्डावर चिडायची, मग त्याच्याचकडे डोळे लावून बसायची.

मग एक दुपार आली. आलापल्लीची ओळ सकाळी आली होती, ‘इथून गेली’. त्यानंतर काही नाही. जिमलगट्टा नाही. डेपोला फोन लावला, तर लाईन मेलेली. गडचिरोलीहूनही लागत नव्हता. तेवढ्यात बसस्टँडवरून आमचा एक हमाल आला आणि म्हणाला, "तिकडं रस्त्यावर झाडं आडवी टाकली म्हंते. सिरोंच्याची बस आलीच नाई." आडव्या झाडांचा अर्थ आमच्याकडे कोणाला सांगावा लागत नाही, जंगलातल्यांनी रस्ता बंद केला. शेठ बाहेर आला आणि स्वतः डेपोचा नंबर फिरवू लागला. 

मी पान पुन्हा पुन्हा उघडत होते. तीच ओळ. आलापल्ली, इथून गेली. माझीच कल्पना होती ती, की फक्त मागचं लिहायचं. आता मागचं तेवढं होतं, आणि पुढे कोरं.  मनात म्हणत होते, एक ओळ येऊ दे, कुठलीही येऊ दे.

मागे दारात पावलं वाजली. कोणीतरी म्हणालं, "चाल ना वं घरी."

मी मान वळवली नाही. म्हटलं, "थांबा जरा. गाडीचं अजून आलं नाई."

"अवं, मी इथी उभा हावो. झाडं पाह्यली न् अलीकडूनच वापस फिरलो. फोन कुठीच नाई."

आवाज त्याचाच होता. तरीही माझी नजर पडद्यावरून निघेना. मी टाइप केलं, ‘चंद्रपूरला आली’. बटण दाबलं. मोडेम किरकिरला, ओळ वर चढली, माझ्या डोळ्यांनी मी ती वाचली. मग मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं.