खरं लग्न डिसेंबरात

सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या त्या शिपिंग कंपनीत कुणी म्हटलं असतं, की उल्का देवधरची एक चूक दाखवून द्या, तर सगळं ऑफिस हसलं असतं. नऊ वर्षं बाई एकच काम करत होती. जहाज सुटायच्या आधी मालाचे कागद डोळ्यांत तेल घालून तपासायचे. तारीख एका दिवसानं चुकली तरी कंटेनर परक्या बंदरात अडकून बसतो, हे ती नव्या लोकांना इतक्यांदा सांगायची, की ते पाठीमागे तिची नक्कल करायचे. आणि याच बाईनं स्वतःच्या फॉर्मवर अशी घोडचूक करावी! करावी कसली, केलीच.

पण आधी सगळं नीट ऐका, नाहीतर तुम्ही तिला उगाच मूर्ख ठरवाल.

डॅनियल अमेरिकेतल्या ओहायोचा. शेतावर वाढलेला, सिंगापूरला एका इंटरनॅशनल स्कूलमध्ये गणित शिकवायचा. तिथल्या ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर भाड्याच्या सायकलची चेन पडून उल्का खोळंबली होती, यानं ती बसवून दिली, आणि काळे झालेले हात धुवायला हिनं पाण्याची बाटली पुढे केली. झालं, तिथून दोन वर्षं. उल्का तेव्हा एकतीसची. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आलेली, क्वीन्सटाउनला भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी.

पुण्याला आई, नंदाताई. मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. गोरा जावई पचवायला त्यांना सहा महिने लागले, पण पचवला. डॅनियलला कधीतरी परत जायचं होतं, उल्काच्या ग्रीन कार्डाला वेळ लागणार होता, म्हणून दोघांनी मार्च २००६ मध्ये सिंगापूरलाच रजिस्टर लग्न करायचं ठरवलं. नंदाताई फोनवर म्हणाल्या, "सह्या करायच्या तर करून टाका. सरकारी काम आहे ते. खरं लग्न डिसेंबरात, मुहूर्तावर, चार माणसांत. तोवर तुझं घर वेगळं, त्याचं वेगळं. आणि गावभर सांगत सुटू नकोस."

यात जगावेगळं काही नव्हतं बरं का. परदेशी निघालेल्या आपल्याकडच्या कितीतरी मुलींची अशी दोन-दोन लग्नं होतात, एक व्हिसासाठी, एक माणसांसाठी. पहिल्याला कुणी लग्न म्हणतच नाही. "हिचं रजिस्टर झालंय, लग्न डिसेंबरात आहे," असं बायका सहज बोलून जातात आणि ऐकणारीलाही त्यात काही खटकत नाही.

डॅनियलला खटकलं. सह्या झाल्या, अंगठ्या घातल्या, आणि बायको म्हणते मी निघते आता माझ्या घरी.

"कधीपर्यंत?" त्यानं विचारलं.

"डिसेंबरपर्यंत."

तो हसला आणि तिला टॅक्सीपर्यंत सोडायला आला. पण त्याच्या लेखी तो त्या दिवसापासून नवरा होता. आईवडिलांना कळवलं, शाळेत केक कापला.

घोटाळा जूनमध्ये झाला. जुलैत ओहायोला त्याच्या बहिणीचं लग्न होतं. ग्रीन कार्डाचा अर्ज अजून टाकलेला नव्हता, म्हणून उल्कानं साधा टुरिस्ट व्हिसा मागितला. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत फॉर्म भरायला बसली. नाव, पत्ता, नोकरी. मग आलं, विवाहित की अविवाहित. पेन जरा थांबलं, आणि मग तिनं "अविवाहित"समोर खूण केली. व्हिसा मिळाला. दहा दिवस ती सासरी राहून आली. डॅनियलच्या आईनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना ही आमची सून म्हणून दाखवली. डिसेंबरात पुण्याला वाजतगाजत लग्न लागलं. त्या दिवसापासून नंदाताईंच्या तोंडी "तो डॅनियल"चे "डॅनियलराव" झाले, आणि डॅनियलराव क्वीन्सटाउनच्या फ्लॅटवर राहायला आले.

जानेवारीत ग्रीन कार्डाचा अर्ज गेला. ऑगस्टमध्ये डॅनियलच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. आई आधीच हृदयविकारानं थकलेली, तिला काय उचलवतंय त्यांना! डॅनियल नोकरी सोडून गेला. ऑक्टोबरात उल्काचा इंटरव्ह्यू होता. तो झाला की नोव्हेंबरात तीही जाणार, असं ठरलं होतं.

इंटरव्ह्यूला ती अमेरिकन वकिलातीत जाडजूड फाइल घेऊन गेली. मार्चचं सर्टिफिकेट, डिसेंबरचे फोटो, पत्रं, सगळं तारीखवार. खिडकीपलीकडची अधिकारी तरुण होती, अदबीनं बोलत होती. फोटो पाहून छान आहेत म्हणाली. मग तिनं आपल्याकडचा एक कागद काचेला लावला.

"हा फॉर्म तुमचाच ना?"

"हो."

"लग्न अठरा मार्चचं. हा फॉर्म नऊ जूनचा. यात तुम्ही अविवाहित लिहिलंय."

उल्काच्या तोंडचं पाणीच पळालं. "आमच्यात रजिस्टर झालं म्हणजे लग्न झालं असं धरत नाहीत," ती कशीबशी म्हणाली. "खरं लग्न डिसेंबरात झालं."

"मग मार्चचं खोटं होतं?"

"नाही, नाही! तेही खरंच होतं."

बोलून गेली, आणि आपण काय बोललो ते तिला उमगलं.

अधिकारीबाईनं आवाज न चढवता समजावलं. अमेरिकन माणसाची बायको टुरिस्ट व्हिसा मागते, तेव्हा ती परत येईल का हे वेगळ्या नजरेनं तपासतात. तुम्ही ते लपवलंत आणि त्यावर व्हिसा मिळवलात. खोटी माहिती देणाऱ्याला प्रवेश कायमचा बंद होतो. दोनच गोष्टींनी काही होऊ शकेल. तुमच्यावाचून नवऱ्याचे फार हाल होताहेत हे त्यानं दाखवून द्यायचं, आणि तुम्ही असं का लिहिलंत ते तुम्ही लिहून द्यायचं. कायमचा! उल्का बाहेर येऊन बस स्टॉपवर बसली. तीन बस समोरून गेल्या, तिनं एकीलाही हात केला नाही.

संध्याकाळी सातला तिनं डॅनियलला फोन लावला. तिकडे सकाळ होती, मागे भांड्यांचा आवाज येत होता. तिनं सगळं सांगितलं.

"जूनमध्ये?" तो म्हणाला. "म्हणजे माझ्या घरी तू बायको म्हणून आलीस, आणि विमानात कुमारी म्हणून बसलीस?"

"अरे, तो फॉर्म होता नुसता. आईचं म्हणणं तुला माहीत होतं."

"आईचं माहीत होतं. तुझं आज कळलं."

हे तिला झोंबलं. झोंबणारच, खरं होतं ना ते.

अमेरिकेतल्या वकिलानं ईमेलवर वाट दाखवली. तुमच्या आईचं प्रतिज्ञापत्र घ्या, त्यानं लिहिलं होतं. डिसेंबरच्या विधीपर्यंत आम्ही मुलीला अविवाहित धरतो, तसंच लिही असं मीच तिला सांगितलं, असं आई म्हणाल्या, तर मुळात हा खोटेपणा नव्हे, गैरसमज होता, असं मांडता येईल. नाहीतर मग सगळी भिस्त नवऱ्याच्या पत्रावर, आणि त्यात खात्री नाही.

नंदाताईंनी कागद पुण्याहून पाठवला नाही. गुडघे दुखत असताना स्वतः आल्या. आयुष्यात पहिल्यांदा सिंगापूरला आलेली बाई, पण एक दिवस काही बघायला बाहेर पडली नाही. क्वीन्सटाउनच्या त्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी तीन पानं लिहून काढली, मुख्याध्यापिकेच्या आखीव अक्षरात. मी, नंदा देवधर, वय एकसष्ट, लिहून देते की दोष माझा आहे. माझ्याच सांगण्यावरून माझ्या मुलीनं तसं लिहिलं.

"घे," त्या म्हणाल्या. "इंग्रजी करून घे आणि नोटरीकडे ने मला. चाळीस वर्षं लोकांच्या मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं. एकदा आपल्या मुलीसाठी बोलले तर काही आकाश कोसळत नाही."

उल्कानं पानं वाचली. पत्र इतकं चोख उतरलं होतं की कुणाचाही विश्वास बसला असता. आणि आईनं फॉर्मबद्दल एका शब्दानं कधी काही सांगितलेलं नव्हतं. तिला तर असा फॉर्म भरलाय हेही ठाऊक नव्हतं.

"आई, हे नको."

"का? मला विचारलं असतंस तर हेच सांगितलं असतं की!"

"पण मी विचारलंच नाही ना." उल्का समोरच्या खुर्चीत बसली. "त्या दिवशी सकाळी त्यानं मला त्यांच्या घराचा हिवाळ्यातला फोटो दाखवला होता. चहूकडे बर्फ, दुसरं घर म्हणून नजरेला पडत नाही. मी घाबरले. ही नोकरी, हे माझं घर, सगळं सोडून तिथे मी काय करणार? दुपारी फॉर्म भरायला बसले आणि वाटलं, डिसेंबर लांब आहे अजून. अजून काही झालेलं नाही. नको वाटलं तर म्हणता येईल नको. म्हणून केली तिथे खूण. तुझ्यासाठी नाही केली आई. तुझं नाव पुढे करायला सोपं होतं, एवढंच."

नंदाताईंनी पेनाला टोपण लावलं.

"मग डिसेंबरात बोहल्यावर कशाला उभी राहिलीस?"

"तिकडे दहा दिवस राहून आले ना. त्याला त्याच्या घरात वावरताना पाहिलं, त्याच्या माणसांत राहिले, तेव्हा भीती गेली. परतीच्या विमानातच ठरलं माझं. डिसेंबरात मला काही, काही शंका नव्हती गं."

"हे जावयांना सांगितलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगत बसलीयस? त्यांना सांग."

सांग म्हणणं सोपं. उल्काचा जीव टांगणीला लागला होता. डॅनियल आधीच दुखावलेला, त्यात हे ऐकवायचं. हाल होताहेत हे पत्र त्यालाच लिहायचं होतं, आणि तो म्हणाला असता, जा, नाही लिहीत, तर? आईची तीन पानं जोडली की डॅनियलला काही कळायचं कारण नव्हतं. पण म्हणजे पुन्हा एक फॉर्म, पुन्हा एक खोटी खूण, आणि यावेळी आईच्या हातून. तिनं फोन उचलला.

बर्फाचा फोटो, लांबचा डिसेंबर, सगळं तिनं सांगून टाकलं, एकही शब्द न गाळता. पलीकडून कुणाचं तरी खोकणं ऐकू येत होतं.

"आणि मी इथे सगळ्यांना तुझ्या आईच्या गमती सांगायचो," डॅनियल अखेर म्हणाला. "सासूनं आमचं लग्न डिसेंबरपर्यंत थांबवून ठेवलंय म्हणून. सगळे हसायचे. थांबली होतीस तू."

"हो. मी थांबले होते."

"बाबांना कुशीवर वळवायची वेळ झाली," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. उल्का ऑफिसात कागद तपासत होती आणि एकच ओळ चार-चारदा वाचत होती. घरी नंदाताई रोज नुसत्या चेहऱ्यानं विचारायच्या, आणि ती नुसती मान हलवायची. तिनं आपलं निवेदन लिहून ठेवलं. एकच पान झालं. मी विवाहित होते, मला ते माहीत होतं, मी घाबरले होते. वकिलानं कळवलं, हे पाठवणं म्हणजे पायावर धोंडा मारून घेणं आहे. तिनं उत्तर पाठवलं, असू दे.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, ऑफिसच्या फॅक्सवर दोन पानं आली. ती तिनं तिथे वाचली नाही. अर्धी रजा टाकली, एमआरटी मेट्रोनं थेट घरी आली, आणि नंदाताईंसमोर टेबलाशी बसून मराठी करून मोठ्यानं वाचू लागली. डॅनियलनं साधंच लिहिलं होतं. वडिलांना दिवसातून सहा वेळा उचलावं लागतं. माझी पाठ गेली आहे. आईला जिना चढवत नाही. सिंगापूरची शाळेतली नोकरी मी सोडली, कारण घरी दुसरं कुणी नाही. आजार सुरू झाल्यापासून मी सलग चार तास झोपलेलो नाही. सिंगापूरला जाऊन राहणं मला शक्य नाही, आणि ती इथे नाही. असं दीड पान. मग शेवटच्या ओळी आल्या. उल्काला त्या दोनदा वाचाव्या लागल्या.

"जून २००६ मध्ये माझ्या बायकोला माझी खात्री नव्हती. आता आहे, असं ती म्हणते, आणि तिनं मला हे आपणहून सांगितलं म्हणून माझाही विश्वास बसतो. तिचं मन पुन्हा बदलायच्या आत तिला माझ्याकडे येऊ द्यावं, ही विनंती."

नंदाताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग टेबलावरची आपली तीन पानं उचलली, मधोमध फाडली आणि उठून कचऱ्यात टाकली.

"बरोबर लिहिलंय त्यांनी," त्या म्हणाल्या. "ऊठ. ती वकिलात किती वाजेपर्यंत उघडी असते?"

"मूळ सहीचं पत्र कुरियरनं येतंय आई. सोमवारी देते सगळं एकदम."

"सोमवार-बिमवार काही नको. मूळ येईल तेव्हा येईल, हे आजच नेऊन दे," नंदाताई म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात टेकत स्वतःच चपला घालायला गेल्या.