मुख्य संगणकाचं नाव

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं, पण आज कापसाच्या जिनिंगकडून सरकीचा वास आला आणि अशाच जिनिंगशेजारचं परतूरचं आमचं कॉलेज आठवलं. सहकारी मॅडमचा प्रबंध एका मोठ्या हिशेबावर अडला होता, म्हणून त्या चार संगणक एकत्र जुंपत होत्या. जुळणी सगळी त्यांची. मी फक्त पडद्यावरच्या प्रश्नांची उत्तरं टाइप करत होतो. नाव काय, पत्ता काय, सोबत कोण? शिपाई हसला, “सर, सोयरीक जमवून राह्यले का?” मुख्य संगणकाचं नाव विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, “काहीही टाका, पण जल्दी!” मी गमतीनं माझं टाकलं. चारही यंत्रं एकदम घरघरली, हिशेब सुटला, मॅडमनी पेढे वाटले. हिशेबाच्या छापलेल्या प्रत्येक पानावर मात्र मुख्य संगणकाचं म्हणून माझं नाव होतं, म्हणून प्राचार्यांनी हार मलाच घातला. समोर मॅडम मनापासून टाळ्या वाजवत होत्या. “मॅडम, माफ करा, हा हार तुमचा,” हे वाक्य अजून माझ्याजवळच आहे.